उरलेला रोट

आमच्या चाळीत माझ्याइतका धीट माणूस दुसरा नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. हात छातीवर ठेवायचं कारण एवढंच, की एका श्रावणात गव्हाच्या एका रोटानं तिथं अशी धडधड भरली, की अजूनही रोटाचं नाव निघालं तर मी आधी दार कुठं आहे ते बघून घेतो.

तेव्हा आम्ही सुरतेत नदीच्या अंगाला राहायचो, कतारगामच्या पुढं. चाळ म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग, आणि रांगेच्या टोकाला शेठचं खातं. सांचे चालतात त्या शेडला तिकडं खातं म्हणतात, आणि सांचा म्हणजे विजेवरचा माग. मी सांच्यावर होतो. कारीगर म्हणून माझी कीर्ती मोठी होती. शेठ माझं कापड उजेडात धरायचा नि म्हणायचा, "तू कापड नथी वणतो, नकशो वणे छे." इतके डाग, इतकी भोकं. माझ्या कापडात बघून माणूस मुंबईला पोचला असता.

रांगेत सगळे खानदेशातले. कोणी अमळनेरकडचा, कोणी शहाद्याचा, कोणी नंदुरबारचा. घरात अहिराणी, खात्यात हिंदी, दुकानात मोडकीतोडकी गुजराती. आणि माणसाच्या मागं देव पण आलेले. आखाजीला पोरी झोके बांधायच्या, भादव्यात गुलाबाईची गाणी व्हायची, नि मधे श्रावणात यायची कानबाई. आमची कानबाई माझ्या मायच्या पत्र्याच्या पेटीतून सुरतेला आली. लुगड्यात गुंडाळलेलं एक जुनं नारळ. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी त्या नारळाला डोळे काढायचे, नाकात नथ घालायची, चौरंगावर बसवायचं, बाजूला केळीचे खांब, वर साडीचं छत. बाया गाणी म्हणायच्या, फुगड्या खेळायच्या. सोमवारी मिरवत नदीवर न्यायचं. आमच्यात नारळ सोडून देत नाहीत. पाण्यात बुडवायचं नि परत पेटीत, पुढच्या वर्षापर्यंत.

बाजूच्या गल्लीतले गुजराती विचारायचे, ही नारळाची माता कोण? मी सांगायचो, आमच्यासारखीच आहे, खानदेशातून आलेली. फरक एवढाच की ती एका दिवसाची पाळी भरते नि वर्षाची सुट्टी घेते.

असली बडबड मी मायच्या पाठीमागं करायचो. माय म्हणजे देवाच्या बाबतीत फौजदार.

आता रोटाचं सांगतो, कारण सगळा घोटाळा तिथं आहे. कानबाईला घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे. नाव घ्यायचं, मूठ टाकायची. ते दळायचे, नि त्या पिठाचे रोट करायचे. जाड, खरपूस, तुपाचा हात लावलेले. हे रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही, फेकायचा नाही, गायीला घालायचा नाही. आणि पुनवेचा चांद उगवायच्या आत सगळे संपले पाहिजेत. एक जरी उरला तर घरावर येतं. काय येतं, ते कोणी सांगत नाही. म्हणून जास्त भीती वाटते.

मूठ मोजायचं काम घरच्या पुरुषाचं. बाप गेला होता, म्हणून ते माझ्याकडं.

त्या वर्षी माझ्या बायकोला नववा लागला होता. आधीचं मूल सातव्यातच आलं आणि राहिलं नाही. ते गेलं तेव्हा मी खात्यात होतो. सांच्याच्या आवाजात कोणीतरी माझ्या कानात ओरडून सांगितलं नि मला ऐकूच आलं नाही. मी हसून मान हलवली. त्या माणसाला काय वाटलं असेल, कोण जाणे. तर यावेळी नववा लागला म्हटल्यावर मी हवेत होतो. शनिवारी गहू मोजायला बसलो. मायच्या नावाची मूठ टाकली, बायकोची टाकली, माझी टाकली. माय तेव्हा नळावर गेली होती, बायको आत पडली होती. मग मी म्हटलं, आणि ही येणाऱ्याची. टाकली आणखी एक, चांगली गच्च भरून.

दारात समोरची म्हातारी बसली होती. तिला सगळी रांग बुढीमाय म्हणायची. गावाकडचे सगळे रितीरिवाज तिला पाठ, आणि मोडले तर काय होतं ते त्याहून जास्त पाठ. ती म्हणाली, "हाई कोनी मूठ टाकी रे?"

"येणाऱ्याच्या नावची, बुढीमाय. यावेळी पाहुणा पक्का आहे."

तिनं हातातली सुपारी खाली ठेवली. "जो अजून उनाच नही, त्याना नावना दाना कोनी मोजस का? आते तो वाटा कोन खाई?"

"मी खाईन की."

"दुसराना वाटा खादा म्हंजे त्यानं आयुष खादं. तो रोट उरी. देखजो तू. उरीच."

मग तिनं मला तिच्या गावच्या कोणा बाईची गोष्ट सांगितली. मी ती पुरी ऐकली नाही, पण जेवढी ऐकली तेवढ्यानं मी परत ताटात हात घातला. मूठ परत काढावी तर कुठली काढणार? गहू गव्हात मिसळलेले. मी ताटाकडं बघत बसलो. सगळे दाणे सारखेच दिसत होते.

तेवढ्यात माय पाण्याचा हंडा घेऊन आली. "झालं का मोजून?"

"झालं," मी म्हटलं. म्हातारी उठून गेली. जाताना माझ्याकडं असं बघितलं, जसं डॉक्टर खाटेवरच्या माणसाकडं बघून नर्सशी बोलायला बाहेर जातो.

मायला सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर तिनं आधी मला बदडलं असतं, मग रडली असती, मग बायकोला कळलं असतं. आणि नवव्या महिन्यात बाईला असलं काही सांगतात का? मी गप्प राहिलो. आयुष्यात मी गप्प राहिलो ते एवढंच, आणि तेही चुकीच्या वेळी.

रविवारी कानबाई बसली. मी दरवर्षी पुढं पुढं करायचो, त्या वर्षी मागं उभा. नारळाचे डोळे मायनं काढले होते, कुंकवात बोट बुडवून. मी इकडं गेलो तरी ते माझ्याकडं, तिकडं गेलो तरी माझ्याकडं. दरवर्षी तेच डोळे असायचे, पण तेव्हा मी त्यांना डोळे मारायचो. बायको भिंतीला टेकून बसली होती, पाय पसरून, पोटावर हात. म्हणाली, "आज तुम्हाला बरं नाही का? एकसुद्धा वाकडं बोलला नाहीत."

"देवाचा दिवस आहे," मी म्हटलं.

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सोमवारी नदीवर निघालो. सुरतेत पाऊस तसा नव्हता. भुरभुर. पण तापी भरलेली. तापी येते आमच्याकडूनच. तिकडं खानदेशात पाऊस पडला की इकडं सुरतेत ऊन असलं तरी नदी चढते. एरवी मी म्हणायचो, गावचं पाणी आपल्याला भेटायला आलं. त्या दिवशी काठावर उभा राहून बघितलं, तर ते भेटायला आल्यासारखं दिसत नव्हतं. तांबडं, जाड, घाई असल्यासारखं. मधून एक अख्खं छप्पर वाहत गेलं, गवताचं. त्यावर कोंबडी बसलेली. ते छप्पर कुठल्या गावचं असेल याचाच विचार सगळे करत असणार.

ओवाऱ्याच्या, म्हणजे तिकडच्या घाटाच्या, पायऱ्या बऱ्याचशा पाण्याखाली. दरवर्षी माय उतरायची, नारळ बुडवायची. तिचा पाय उचलेना. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग माझा सांच्यावरचा जोडीदार, माझ्या शेजारच्याच सांच्यावरचा, खवट माणूस, मोठ्यानं म्हणाला, "अरे, तो पोहणारा कुठे आहे? नदी पोहून शाळेत जायचा ना तो?"

शाळेत मी कधी गेलोच नाही, नि आमच्या गावच्या नदीला श्रावणातसुद्धा गुडघ्याच्या वर पाणी नसायचं. पण चहाच्या टपरीवर मी ही नदी एवढ्यांदा पोहलो होतो, की आता तोंड लपवायला जागा नव्हती. मायनं कानबाईचा पाट माझ्या हातात दिला.

एक पायरी उतरलो. दुसरी उतरलो. पाणी गार. मी नारळाकडं बघितलं, नारळानं माझ्याकडं. मनात म्हटलं, माय, ती मूठ चुकून टाकली, जाऊ दे. एवढं म्हणायची वेळ नि शेवाळावरून पाय सरकायची वेळ एकच. मी धप्पदिशी पायरीवर बसलो. पाणी गळ्यापर्यंत. नारळ छातीशी कवटाळलेलं. पाट निघून गेला, मी तो गोल फिरत जाताना बघितला. माझा पाय पण पायरीवरून सुटला होता नि पाणी मला बाजूला ओढत होतं, जोर न लावता, हाताला धरून चल म्हणाल्यासारखं. जोडीदारानं मागून सदरा पकडला म्हणून राहिलो.

वर ओढून काढलं तर मी लटलट कापत होतो. दात वाजत होते. डोळे पांढरे झाले होते म्हणतात. नारळ काही केल्या सोडेना. आणि कोणातरी बाईनं म्हटलं, "याच्या अंगात आलं."

झालं. बायांनी डोक्यावरचे पदर सारखे केले. कोणी कुंकू लावलं, कोणी हात जोडले. माझी स्वतःची माय माझ्या पायाशी वाकली नि म्हणाली, "माय, काय चुकनं आमनं? सांग."

आता इथं मी सगळं सांगून मोकळा झालो असतो. देवीच्या तोंडून सांगितलं असतं, तर मारही बसला नसता. पण दात एकमेकांवर एवढे आपटत होते, की जीभ मधे घालायची भीती. कसंबसं एक अक्षर निघालं. "रोट," मी म्हटलं. "रोट... रोट..."

"रोट नीट संपवा म्हणते," बुढीमाय गर्दीतून म्हणाली. "उरू देऊ नका म्हणते."

सगळ्या बायांनी हो हो केलं. जोडीदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय भो, देवी तुझ्यात शिरली? तिला सुरतेत भाड्यानं दुसरी खोली भेटली नाही?"

मला हसू आलं नाही. मी मागं बघितलं. बायको काठावर दगडावर बसली होती. पोटावरचा हात घट्ट झाला होता.

तेव्हापासून घरात रोटाचा धाक बसला. देवीनं सांगितलेलं, म्हणजे माझ्या तोंडून सांगितलेलं. माय रोज पीठ मळायची, माणशी रोट भाजायची, नि आम्ही बसून खायचो. मी तर पोट फुटेपर्यंत खायचो. पीठ लवकर संपावं म्हणून मागून घ्यायचो. माय खूश व्हायची, "पोरगा सुधरना." मी घास चावायचो नि मनात म्हणायचो, यातला कुठला घास त्याचा असेल?

नदी चढत होती. रात्रीतून ओवारा गायब झाला. मग ओवाऱ्याजवळचा पिंपळाचा ओटा गायब झाला. वीज गेली नि खातं बंद पडलं. सांचे थांबले की आमच्या कानात शीळ वाजायची. एवढी शांतता मी सुरतेत कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत पाण्याचा आवाज यायचा, लांबून, कोणीतरी सतत धान्य पाखडत असल्यासारखा. शेठ येऊन कापडाचे ताके लारीवर, म्हणजे हातगाडीवर, घालून घेऊन गेला. जाताना आम्हाला म्हणाला, "तमे पण नीकळो." निघा, पण कुठं? त्यानं ताक्यांना जागा बघून ठेवली होती.

बुधवारी माय म्हणाली, पीठ संपलं. माझा जीव भांड्यात पडला. परातीत रोट होते. मायनं स्वतःला वाढला, बायकोला वाढला, मला वाढला. आणि परातीत एक राहिला.

माय म्हणाली, "एक जास्तीचा झाला वाटतं. कोण घेतं?"

बायको म्हणाली, पोटात जागा नाही, हा आत बसलाय तो पसरून बसलाय. मायला दात नव्हते, तिचाच तिला पुरेना. दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्या रोटाकडं बघत होतो. साधा रोट. एका बाजूला जरा करपलेला. त्या म्हातारीनं सांगितलं होतं तसा, अगदी तसा, उरलेला.

"खा ना," माय म्हणाली. "तीन दिवस राक्षसावाणी खाऊ ऱ्हायना, आज काय व्हयनं?"

"उद्या खाईन," मी म्हटलं. "पुनव उद्या आहे."

रोट फडक्यात बांधला नि फळीवर ठेवला. आता खावा तर येणाऱ्याचं आयुष्य खाल्लं. ठेवावा तर उरला. फेकावा तर पाप. कोणाला द्यावा तर मोठं पाप. मी बसून फळीकडं बघत होतो. बायको पण बघत होती, माझ्याकडं. शेवटी म्हणाली, "त्या फळीवर साप आहे का?"

मला एकच वाट दिसत होती. पोरानं उद्याच यावं, चांद उगवायच्या आत, नि स्वतःचा वाटा स्वतः चाखावा. ओठाला एक कण लावला तरी झालं. मग मला दुसरं सुचलं. उद्या यावं म्हणजे या पाण्यात यावं? दाई पलीकडच्या मोहल्ल्यात, मधला रस्ता बुडालेला. मग मी देवाला म्हटलं, नको, उद्या नको. लगेच फळीकडं नजर गेली. म्हटलं, नाही, उद्याच. देव पण वैतागला असेल. एवढ्यांदा मत बदलणारं गिऱ्हाईक त्याच्या दुकानी आलं नसेल.

पुनवेला सकाळी चाळीत पाणी शिरलं. आणि उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हाच बायकोनं भिंतीला नख रोवलं नि म्हणाली, "अहो. मायला बोलवा."

मायनं तिचं तोंड बघितलं नि मला म्हणाली, "लारी आन."

जोडीदारानं खात्यातली लारी आणली, ताके वाहायची, रबरी चाकांची. बायकोला वर निजवलं, माय तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, वर गोणपाट धरलं. मी निघालो, आणि परत आत पळालो.

"आता काय राहिलं?" माय ओरडली.

मी फळीवरचं फडकं काढलं नि डोक्याला बांधलं, फेट्यासारखं, वर गाठीत रोट. जोडीदारानं बघितलं. म्हणाला, "भूक लागते रे माणसाला. पण एवढी?"

गल्लीत पाणी गुडघ्याला, पुढं मांडीला, चौकात कमरेला. मी पुढून ओढत होतो, तो मागून ढकलत होता. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. रोजचा रस्ता, झोपेत चालू शकतो असा, पण कुठली गटार कुठं उघडी ते त्या दिवशी आठवेना. मी पाय टाकायचो, थांबायचो, मग दुसरा टाकायचो. मागं बायको कण्हत होती. आधी मधून मधून, मग सलग. एकदा ती एकदम गप्प झाली. मी मागं वळलो नाही. वळून बघायची हिंमत झाली नाही. लारीचा दांडा हातात होता नि मी एवढंच म्हणत होतो, आवाज कर, काहीतरी आवाज कर.

"थांबला का?" ती म्हणाली. "चला ना."

मी इतका जोर लावला की पाय गेला गटारीत. दांडा सुटला. डोकं पाण्याखाली. नाकात, तोंडात, सगळीकडं ते खानदेशचं पाणी. खाली काळोख, पायाला तळ नाही. मला वाटलं, म्हातारीचं खरं झालं, फक्त माणूस चुकला, माझंच नाव लागलं. आणि त्यात बरं पण वाटलं. मग हाताला लारीचं चाक लागलं, ते धरून वर आलो.

बायको गोणपाटाखालून बघत होती. ओठ चावून चावून रक्त आलं होतं तिच्या. म्हणाली, "मनी जागे तुम्हीच बठा ना लारीवर. मी ओढते."

जोडीदार हसला. माय पण हसली. मी डोक्याला हात लावला. फडकं होतं. आतला रोट पिळून निघालेल्या बोळ्यासारखा.

मोठा दवाखाना उंचावर होता. तिथं पाणी नव्हतं, माणसंच होती, ओसंडून. बायकोला आत नेलं, माय मागोमाग गेली. मला दारात अडवलं. मी व्हरांड्यात बसलो, अंगातून पाणी गळत, हातात फडकं. आतून बायांचे ओरडण्याचे आवाज यायचे. प्रत्येक आवाज मला तिचाच वाटायचा. मग आवाज थांबला की तोही तिचाच वाटायचा.

दुपार गेली. उजेड उतरायला लागला. आभाळ सगळं भरलेलं. दरवाज्यावर एक रखवालदार होता, मनगटावर राखी बांधलेली. मी त्याला विचारलं, "चांद उगवला का?"

त्यानं वर बघितलं. "ढगात मला काय दिसणार?"

थोड्या वेळानं मी परत विचारलं. तो म्हणाला, "भाई, तुला चांद कशाला पाहिजे?"

"घाई आहे," मी म्हटलं.

त्यानं मला नीट बघितलं. ओला, चिखलानं माखलेला, छातीशी फडकं धरून बसलेला. मग बाजूच्या बाईला म्हणाला, "पूरमां मगज खसी गयुं."

आत कोणीतरी धावत गेलं. दुसरी बाई बादली घेऊन धावली. मी उभा राहिलो. गेल्या वेळी मी मान हलवून हसलो होतो. यावेळी मी कान दाराला लावला. आवाज काहीच नाही. मी मनात म्हटलं, रोट मी खातो, आयुष्य माझं कापून घे, मायचं नको, तिचं नको, त्याचं नको. मी फडकं सोडायला लागलो. ओली गाठ सुटेना. दातानं ओढली.

तेवढ्यात रडलं. बारीक, चिडलेलं. रडणं दुसऱ्या कोणाचं असलं तर? पण माय दारात आली नि मला बघून तिचं तोंड वाकडं झालं, रडू नि हसू एकदम आल्यासारखं. "अंडेर शे," ती म्हणाली. मुलगी. "दोन्ही बरी आहेत."

मी मायला बाजूला सारून आत घुसलो. नर्स म्हणाली, "ए भाई, बहार." मी ऐकलं नाही. बायको खाटेवर, पांढरी पडलेली, डोळे उघडे. बाजूला गाठोडं, त्यात एक लाल तोंड. मी फडक्यातनं लगद्याचा कण बोटावर घेतला नि त्या तोंडाकडं नेला.

मायनं माझा हात असा फटकारला की कण भिंतीला चिकटला. "येडा व्हयना का? काय चारी ऱ्हायना तिले?"

मग मी सांगितलं. सगळं, एका दमात. मूठ, बुढीमाय, उरलेला रोट, चांद, डोक्याला बांधलेलं फडकं. बोलता बोलता मी रडायला लागलो, आणि नर्सला वाटलं, बाई गेली की काय, म्हणून ती धावत आली.

माय ऐकत राहिली. मग तिनं फडकं माझ्या हातातून घेतलं, तो लगदा हातावर थापटून गोळा केला नि बायकोच्या तोंडाशी धरला. बायकोनं विचारलंसुद्धा नाही. सकाळपासून उपाशी होती. करपलेल्या बाजूसकट खाऊन टाकला, बोटं पण चाटली.

"झालं," माय म्हणाली. "तिनी खादं म्हंजे पोरनी खादं. नऊ महिना दुसरं काय करी ऱ्हायनी व्हती ती?"

मी बायकोकडं बघितलं. म्हटलं, "हे मला कोणी आधी का नाही सांगितलं?"

बायकोनं पोरगी छातीशी घेतली, डोळे मिटले नि म्हणाली, "तुम्ही विचारलं कुणाला? सरका जरा तिकडं, उजेड अडवू नका."